बायनरी अंकांच्या पॅटर्नवरून पूर्णांक क्रमिका कशी बांधायची आणि तपासायची

३, ५, ६, ९, १०, १२ ही पदं पाहिली की बरेच जण लगेच सांगतात, 'बायनरीत बरोबर दोन वेळा १ येणाऱ्या संख्या.' (बायनरी म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याची पद्धत; तीत ३ म्हणजे '११'.) मग पुढचं पद १७. पण 'बायनरीत १ सम वेळा येणाऱ्या संख्या' (शून्य सोडून) ही व्याख्याही याच सहा पदांना लागू पडते आणि तिचं पुढचं पद १५ आहे, कारण १५ म्हणजे '११११'. सहा पदं जुळली, सातव्याला फाटा फुटला.

अशा क्रमिकांमधल्या बहुतेक चुका गणितात होत नाहीत. त्या व्याख्येच्या ओळीत होतात आणि दहाव्या-पंधराव्या पदापर्यंत लपून राहतात. म्हणून खाली आकडेमोडीपेक्षा आधीची तयारी आणि नंतरची तपासणी यांना जास्त जागा दिली आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. प्रोग्राम सहाव्या टप्प्यावर आहे, तो मुद्दाम.

लेखनाचा एक संकेत: बायनरी रूप नेहमी अवतरणात, जसं '१०११'. अवतरणाशिवायची संख्या दशमान. स्वतःच्या वहीतही हा फरक ठेवा. '१०१' आणि १०१ एकाच पानावर मिसळले की नंतर कोणतं काय होतं ते सांगता येत नाही.

## टप्पा १: व्याख्या एका ओळीत बांधा

आधी क्रमिकेचा प्रकार ठरवा. तीन प्रकार वारंवार भेटतात.

१. मूल्य-क्रमिका: प्रत्येक क्ष ला एक संख्या मिळते. उदा. क्ष मध्ये १ किती वेळा येतो: ०, १, १, २, १, २, २, ३, १…
२. निवड-क्रमिका: अट पाळणाऱ्या संख्यांचीच यादी. उदा. शेजारी-शेजारी दोन १ नसलेल्या (फिबिनरी) संख्या: ०, १, २, ४, ५, ८, ९, १०, १६…
३. रूपांतर-क्रमिका: अंकांवर काही क्रिया करून नवी संख्या. उदा. ग्रे कोड (लागोपाठच्या दोन पदांत बायनरीचा एकच अंक बदलतो): ०, १, ३, २, ६, ७, ५, ४, १२…

पहिल्या प्रकारात पदाचा क्रमांक म्हणजेच क्ष, म्हणून मोजणी ० पासून. दुसऱ्या प्रकारात क्रमांक आणि संख्या वेगळ्या असतात, म्हणून पहिल्या पदाला ० म्हणायचं की १, ते लिहून ठेवा. फिबिनरीत हे महत्त्वाचं ठरतं. ० ला शून्यावं पद धरलं तर चौथं पद ५ येतं, म्हणजे '१०१', आणि ते ४ = ३ + १ या फिबोनाची मांडणीशी (शेजारचे नसलेले फिबोनाची आकडे १, २, ३, ५… बेरजेत घेऊन संख्या लिहिणं) जुळतं. क्रमांक एकाने सरकला की हा संबंध तुटतो, आणि लोक सूत्रात चूक शोधत बसतात.

प्रकार ठरला की पुढचे प्रश्न.

पॅटर्न एकमेकांवर चढू शकतो का? '१११' मध्ये '११' किती वेळा आहे? चढू दिला तर दोनदा, नाही तर एकदा. तिसराही अर्थ निघतो: दोन किंवा अधिक लांबीचे सलग १ चे गट किती. हे तिन्ही अर्थ लोक 'किती वेळा ११' याच शब्दांत सांगतात.

| संख्या | बायनरी | चढते धरून | न चढता | सलग गट |
|---|---|---|---|---|
| ३ | '११' | १ | १ | १ |
| ७ | '१११' | २ | १ | १ |
| ११ | '१०११' | १ | १ | १ |
| १५ | '११११' | ३ | २ | १ |
| २७ | '११०११' | २ | २ | २ |
| ५५ | '११०१११' | ३ | २ | २ |

पहिला अर्थ ७ वर वेगळा पडतो, पण दुसरा आणि तिसरा १५ पर्यंत हातात हात घालून चालतात. आठ पदं तपासून समाधान मानणाऱ्याला तो फरक कधीच दिसणार नाही.

डावीकडची शून्यं मोजायची का? पॅटर्न १ ने सुरू होत असेल तर प्रश्नच नाही. डावीकडे कितीही शून्यं लावली तरी '११' ची मोजणी बदलत नाही. पॅटर्न ० ने सुरू होत असेल तर बदलते. ५ मध्ये '०१' किती वेळा? '१०१' असं लिहिलं तर एकदा, '०१०१' असं लिहिलं तर दोनदा. दुसऱ्या पद्धतीत ही मोजणी सलग १ च्या गटांच्या संख्येइतकी होते, त्यामुळे ती काही ठिकाणी मुद्दाम वापरतात. '००' साठी मात्र डावीकडची शून्यं धरणं निरर्थक आहे, कारण ती संपतच नाहीत.

० या संख्येचं रूप काय? '०' की रिकामी ओळ? पहिल्या पर्यायात लांबी १ आणि शून्यांची संख्या १. दुसऱ्यात दोन्ही ०. दोन्ही चालतात, पण एकाच कामात दोन्ही वापरू नका. याचा फटका चौथ्या टप्प्यात बसतो.

सावधान: 'सम संख्येने १' या अटीत ० वेळा सम धरलं जातं. अशा संख्यांना ईव्हिल म्हणतात, म्हणून ईव्हिल संख्यांची यादी ० ने सुरू होते: ०, ३, ५, ६, ९, १०, १२, १५, १७, १८, २०. उरलेल्या संख्या ओडियस: १, २, ४, ७, ८, ११, १३, १४, १६, १९, २१.

तपासणी: तुमची व्याख्या दुसऱ्याला वाचायला द्या आणि ०, ७ व १५ साठीची उत्तरं विचारा. तुमच्याशी जुळली नाहीत तर चूक वाचणाऱ्याची नाही, वाक्याची आहे.

## टप्पा २: ० ते ३१ चा तक्ता

कागदावर ३२ ओळी आखा. पहिल्या रकान्यात दशमान संख्या आणि पुढे बायनरीचे पाच रकाने: १६, ८, ४, २, १. अंक उजवीकडे चिकटवून लिहा. डावीकडची जागा शून्याने भरू नका, कोरी ठेवा, म्हणजे संख्येचा खरा शून्य आणि भरतीचा शून्य यांत गोंधळ होत नाही.

एखादी मोठी संख्या बायनरीत न्यायची असेल तर २ ने भागत जा आणि बाक्या लिहा. २२ साठी:

२२ → भागाकार ११, बाकी ०
११ → भागाकार ५, बाकी १
५ → भागाकार २, बाकी १
२ → भागाकार १, बाकी ०
१ → भागाकार ०, बाकी १

बाक्या खालून वर वाचा: '१०११०'. वरून खाली वाचल्या तर '०११०१' येतं, म्हणजे १३.

ही उलट वाचण्याची चूक कपटी आहे. २२ मध्येही तीन १ आहेत आणि १३ मध्येही तीनच. १ मोजायचे असतील तर उत्तर बरोबर येतं, पॅलिंड्रोम (दोन्ही बाजूंनी सारखंच वाचलं जाणारं रूप) तपासायचा असेल तरीही बरोबर येतं. मग त्याच पद्धतीने डावीकडचे अंक पाहणारी क्रमिका काढली की सगळं कोसळतं, आणि 'कालपर्यंत तर चालत होतं' असं वाटत राहतं.

तपासणी: उजवीकडचा रकाना ०, १, ०, १ असा जातो, त्याच्या डावीकडचा दोन-दोनच्या, त्यापुढचा चार-चारच्या गटांनी (कोरी जागा इथे ० समजा). शिवाय सगळ्या १ ची बेरीज करा. ० ते ७ मध्ये १२, ० ते १५ मध्ये ३२, ० ते ३१ मध्ये ८०. सर्वसाधारणपणे क रकान्यांच्या पूर्ण तक्त्यात क × २^(क−१) वेळा १ येतो. बेरीज चुकली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: पहिली सोळा पदं हाताने

तक्त्यात पाहून पदं लिहा. सूत्र आठवत असलं तरी वापरू नका, कारण पुढे सूत्र याच पदांवर तपासायचं आहे. एकाच उगमातून दोन्ही काढले तर तपासणी फसवी ठरते.

चढत्या '११' ची मोजणी अशी यायला हवी (क्ष = ० ते १५):

०, ०, ०, १, ०, ०, १, २, ०, ०, ०, १, १, १, २, ३

मूल्य-क्रमिकेसाठी बेरजेची तपासणी फार उपयोगी पडते. चार अंकांत शेजारच्या जागांच्या तीन जोड्या आहेत. सोळा संख्यांपैकी प्रत्येक जोडीत '११' असलेल्या संख्या चार. म्हणून एकूण ३ × ४ = १२. वरची बेरीज करून पाहा, १२ च येते. ० ते ३१ साठी ती ४ × ८ = ३२ व्हायला हवी. १ ने सुरू होणाऱ्या कोणत्याही पॅटर्नसाठी हाच हिशेब करता येतो, फक्त मोजणी चढती असली पाहिजे.

हीच पदं घातांकात घालून (−१) चे घात घेतले की रुडिन–शापिरो क्रमिका मिळते: १, १, १, −१, १, १, −१, १… इथे ७ ची मोजणी १ धरलीत तर आठव्या जागेचं चिन्हच उलटतं. चढत्या मोजणीबद्दलचा आग्रह म्हणजे किरकोळ काथ्याकूट नव्हे.

## टप्पा ४: पुनरावर्ती सूत्र

सूत्र उजव्या टोकाकडून बांधता येतं किंवा डाव्या. दोन्ही बांधा आणि ती एकमेकांवर तपासा. खाली एक(क्ष), जोडी(क्ष) आणि शून्य(क्ष) म्हणजे क्ष च्या बायनरीतली अनुक्रमे १ ची, चढत्या '११' ची आणि ० ची मोजणी.

उजवं टोक. क्ष च्या शेवटी ० जोडला की २क्ष, १ जोडला की २क्ष + १. त्यामुळे:

एक(२क्ष) = एक(क्ष)
एक(२क्ष + १) = एक(क्ष) + १
सुरुवात: एक(०) = ०

'११' साठी एक अंक मागे पाहणं पुरत नाही, कारण नवा १ जोडी करेल की नाही हे आधीच्या शेवटच्या अंकावर अवलंबून आहे:

जोडी(२क्ष) = जोडी(क्ष)
जोडी(४क्ष + १) = जोडी(क्ष)
जोडी(४क्ष + ३) = जोडी(२क्ष + १) + १
सुरुवात: जोडी(०) = ०

तिसऱ्या ओळीत घाईने जोडी(क्ष) + १ लिहिणं ही इथली ठरलेली चूक. ३ साठी दोन्ही सूत्रं १ देतात. ७ साठी क्ष = १; चुकीच्या सूत्राने १ येतं, बरोबर उत्तर २. '११' काढून टाकला की आधीच्या १ शी होणारी जोडीही त्याच्याबरोबर हरवते.

आता शून्यं मोजू. सरळ सूत्र असं दिसतं:

शून्य(२क्ष) = शून्य(क्ष) + १
शून्य(२क्ष + १) = शून्य(क्ष)

पहिल्या ओळीत क्ष = ० ठेवा: शून्य(०) = शून्य(०) + १. हे अशक्य आहे. म्हणून पहिली ओळ फक्त क्ष ≥ १ साठी. दुसऱ्या ओळीत क्ष = ० ठेवा: शून्य(१) = शून्य(०). '१' मध्ये शून्य नाही, म्हणजे शून्य(०) = ० असायला हवं, म्हणजेच ० चं रूप 'रिकामी ओळ' हवं. तुम्ही पहिल्या टप्प्यात ते '०' ठरवलं असेल, तर सुरुवातीची दोन मूल्यं वेगळी द्यावी लागतील, शून्य(०) = १ आणि शून्य(१) = ०, आणि दोन्ही ओळी क्ष ≥ १ साठीच लागू होतील. हे न केल्यास १, ३, ७, १५ या सगळ्या संख्यांत एक नसलेला शून्य मोजला जातो.

तपासणी: ० वगळून १ ते १५ मध्ये एकूण १७ शून्यं आहेत (एकूण अंक ४९, त्यांतले १ बत्तीस).

डावं टोक. क्ष = २^क + र, जिथे र हा २^क पेक्षा लहान. मग एक(क्ष) = १ + एक(र). '११' साठी एक अट वाढते: र किमान २^(क−१) इतका असेल तरच नवी जोडी होते.

सावधान: र लिहिताना क अंक पूर्ण भरा. ११ = ८ + ३ मध्ये र = ३ म्हणजे '०११', '११' नव्हे. पुढचा १ आणि हे दोन १ यांच्यात एक शून्य आहे. ते विसरलं की ११ साठी २ येतं. खरं उत्तर १. तक्त्यात भरतीची शून्यं टाळा म्हटलं आणि इथे भरा म्हणतोय, यात विसंगती नाही: तिथे पूर्ण संख्या होती, इथे तिचा तुकडा आहे.

## टप्पा ५: निवड-क्रमिकेत संख्या मोजून पाहा

यादी करताना एखादी संख्या सुटणं किंवा जास्तीची घुसणं नजरेने पकडता येत नाही. मर्यादेपर्यंतची पदं मोजा आणि अपेक्षित आकड्याशी ताडा:

- ईव्हिल: २^क पेक्षा लहान बरोबर निम्म्या. ० ते ३१ मध्ये १६.
- फिबिनरी: २, ४, ८, १६, ३२ पेक्षा लहान अनुक्रमे २, ३, ५, ८, १३. आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा.
- बायनरी पॅलिंड्रोम: १ ते ६ अंकांचे अनुक्रमे १, १, २, २, ४, ४ (० वेगळा). म्हणजे १, ३, ५, ७, ९, १५, १७, २१, २७, ३१, ३३, ४५, ५१, ६३.
- ० आणि १ समान संख्येने असलेल्या: दोन अंकांची १, चार अंकांच्या ३, सहा अंकांच्या १०. यादी २, ९, १०, १२, ३५, ३७, ३८, ४१, ४२, ४४, ४९, ५०, ५२, ५६ अशी जाते.

शेवटच्या प्रकारात लोक चार अंकांच्या सहा संख्या मोजतात, कारण चारपैकी दोन जागा सहा प्रकारे निवडता येतात. पण पहिला अंक १ असलाच पाहिजे. '००११' ही चार अंकी संख्या नाही, ती ३ आहे.

पदं अंकांच्या ओळी जोडून तयार केली असतील तर क्रमही तपासा. शब्दकोशासारखं लावलं तर '१०', '१००', '१०१', '११' म्हणजे २, ४, ५, ३ असा क्रम लागतो. आधी लांबीने लावा, मग अंकांनी.

## टप्पा ६: प्रोग्राम किंवा स्प्रेडशीट

हाताने काढलेली सोळा पदं समोर ठेवा आणि प्रोग्रामची पहिली सोळा त्यांच्याशी जुळवा. खालच्या चुका वारंवार घडतात.

पायथॉन. 'बिन' फंक्शन बायनरीच्या आधी शून्य आणि बी अशी दोन अक्षरं लावतं. ती न काढता शून्यं मोजली तर प्रत्येक पदात एक जास्त. मजकुरातलं 'काउंट' न चढता मोजतं, म्हणजे '१११' मध्ये '११' साठी १ देतं; चढती मोजणी हवी असेल तर जागा एकेक सरकवत तुलना करा, किंवा क्ष आणि क्ष >> १ यांचा & घेऊन निकालातले १ मोजा. ० च्या बाबतीत भाषाच दुटप्पी आहे: 'बिट लेंग्थ' ० ची लांबी ० सांगते, तर 'बिन' ० साठी एक अंक लिहितं. एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही वापरले की पहिलं पद बिघडतं. घातासाठी ^ वापरू नका, ते एक्सऑर (दोन संख्यांचे बिट वेगळे असतील तिथे १ देणारी क्रिया) आहे. भागाकारासाठी // वापरा. / ने ७ भागिले २ म्हणजे ३.५ होतं.

सी. फिबिनरीची अट 'क्ष & (क्ष >> १) == ०' अशी लिहिली तर आधी == ची तुलना होते. परिणाम: यादीत फक्त १ उरतो. & च्या पूर्ण भागाला कंस घाला आणि चिन्हरहित प्रकार वापरा.

जावास्क्रिप्ट. बिट-क्रिया ३२ बिटांच्या चिन्हासह संख्यांवर चालतात, त्यामुळे २^३१ पासून उत्तरं ऋण होऊ लागतात. त्यापुढे बिगइंट घ्या.

एक्सेल. 'डेक-टू-बिन' फक्त ५११ पर्यंत चालतं. पुढे 'बेस' फंक्शन वापरा. त्याचा निकाल मजकूर असतो, तो मजकूरच राहू द्या. संख्येत बदलला तर पंधरा अंकांनंतरचे अंक शून्य होतात. 'सब्स्टिट्यूट' वापरून मोजलेला '११' हा न चढता मोजलेला असतो.

अंकांची लांबी लॉगॅरिदमने काढू नका. २^६० − १ ही संख्या दशांश प्रकारात अचूक मावत नाही, ती २^६० होते, आणि लांबी ६० ऐवजी ६१ येते.

तपासणी: फक्त सुरुवातीची पदं नका पाहू. ७, ८, ९; १५, १६, १७; ३१, ३२, ३३ या २ च्या घातांच्या काठावरच्या संख्या आणि ५, १०, २१, ४२ या एकाआड एक अंकांच्या संख्या हाताने काढून ताडा. लांबी बदलते तिथेच बहुतेक सूत्रं घसरतात.

## टप्पा ७: ओईआयएसवर शोध

ओईआयएस म्हणजे पूर्णांक क्रमिकांचा ऑनलाइन कोश. त्याच्या शोधात पहिली एक-दोन पदं सोडून सलग आठ ते दहा पदं स्वल्पविरामाने विभागून टाका. सुरुवातीची पदं सोडायचं कारण म्हणजे ० आणि १ बाबतचे संकेत लेखकागणिक बदलतात. तुमची क्रमिका तिथे असूनही एका शून्यापायी सापडत नाही.

फक्त ० आणि १ असलेली क्रमिका, उदा. थू–मोर्स (क्ष मध्ये १ विषम वेळा असतील तर १, नाही तर ०) ०, १, १, ०, १, ०, ०, १, थेट शोधली तर नको तितके निकाल येतात. त्याऐवजी १ कुठल्या जागांवर आहे त्यांची यादी शोधा. थू–मोर्ससाठी ती ओडियस संख्यांची निघते आणि थेट ए००००६९ वर पोचवते. ईव्हिल ए००१९६९ वर, फिबिनरी ए००३७१४ वर, १ ची मोजणी ए०००१२० वर आणि चढत्या '११' ची मोजणी ए०१४०८१ वर आहे.

नोंद सापडली की तीन गोष्टी पाहा: पहिल्या पदाचा क्रमांक, ० साठीचं मूल्य, आणि तुमच्या व्याख्येला फाटा फुटतो ते पद (वरच्या तक्त्यासारखं ७, १५ किंवा ५५). पानावरची पदं पुरली नाहीत तर बी-फाईल उघडा. तिथे क्रमांकासह लांब यादी असते.

काहीच सापडलं नाही तर या क्रमाने प्रयत्न करा: अट न पाळणाऱ्या संख्यांची यादी, सर्व पदं सम असतील तर त्यांची निमपट, आणि शेवटी पदांची बायनरी रूपं तशीच, दशमान अंक समजून (१, ११, १०१, १११, १००१…). पॅलिंड्रोमसारख्या क्रमिकांची ही रूपं वेगळ्या नोंदीखाली ठेवलेली असतात.